श्रोते मूठभर, तरी रेडिओ चालतो कसा?

अमेरिकेतील कोणत्याही मोठ्या शहरात शनिवारी सकाळी रेडिओचा काटा मध्यम लहरींवर, म्हणजे तेथील भाषेत ‘एएम’ पट्ट्यावर, हळूहळू फिरवत गेले की एक विलक्षण बाजार कानी पडतो. एका केंद्रावर कोणी गृहस्थ निवृत्तीची पुंजी कशी राखावी हे शांत स्वरात समजावून सांगत असतात. पुढच्या केंद्रावर गुडघेदुखीवरील गोळ्यांचे गुणगान चाललेले असते. त्यापुढे एखादे धर्मोपदेशक, त्याच्याही पुढे कोरियन किंवा व्हिएतनामी भाषेतील गप्पा, आणि शेवटी राजकारण्यांवर तोंडसुख घेणारा एखादा निवेदक. गाणी जवळजवळ नाहीतच. आहे ते केवळ बोलणे. यालाच तिकडे ‘टॉक रेडिओ’ म्हणतात.

यांतील मोजकी केंद्रे लोकप्रिय आहेत. उरलेली बहुसंख्य केंद्रे श्रोतृसंख्येच्या तक्त्यात अगदी तळाशी असतात आणि काहींचे नावही तक्त्यात सापडत नाही. ज्या दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही ते दुकान बंद पडते, हा व्यापाराचा साधा नियम. त्या न्यायाने ही केंद्रे केव्हाच मूक व्हायला हवी होती. प्रत्यक्षात त्यांतील अनेक केंद्रे वीस-वीस, तीस-तीस वर्षे चालू आहेत आणि काहींचे मालक बऱ्यापैकी नफाही मिळवतात.

या कोड्याचे उत्तर एका वाक्यात सांगता येईल. अशा केंद्राचे गिऱ्हाईक श्रोता नसतोच. गिऱ्हाईक असतो तो माइकसमोर बसलेला माणूस. हे एकदा ध्यानात घेतले की या व्यवसायाचे गणित तर उलगडतेच, पण त्याची किंमत अखेर कोण मोजतो हेही दिसू लागते.

गाणी गेली, गप्पा उरल्या

१९७०च्या दशकात अमेरिकेत संगीताने मध्यम लहरींचा निरोप घेतला. एफएमचा आवाज स्वच्छ आणि स्टिरिओ. मध्यम लहरींचा आवाज खरखरीत, पुलाखाली किंवा विजेच्या तारांजवळ गाडी आली की आणखी बिघडणारा. तरुण श्रोते आणि त्यांच्यामागोमाग जाहिरातदार एफएमकडे वळले. हाती उरलेल्या एएम परवान्यांचे करायचे काय, हा मालकांपुढचा प्रश्न होता. बोलण्याला खरखर फारशी बाधत नाही, हे त्याचे उत्तर ठरले.

त्याला कायद्याने हातभार लावला. वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नांवर बोलताना दुसऱ्या बाजूलाही स्थान द्यावे, असे बंधन ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ या नावाने केंद्रांवर होते. ‘फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन’ (एफसीसी) या नियामक आयोगाने १९८७ मध्ये ते रद्द केले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८८ मध्ये, रश लिंबॉ या निवेदकाचा कार्यक्रम न्यूयॉर्कहून देशभर प्रसारित होऊ लागला. एक माणूस, एक माइक आणि फोनवर बोलणारे श्रोते एवढाच त्याचा पसारा. पण एकतर्फी, आक्रमक राजकीय बोलण्याला केवढा श्रोतृवर्ग आहे, हे त्याने दाखवून दिले. २००८ मध्ये लिंबॉ यांनी केलेला आठ वर्षांचा करार सुमारे ४० कोटी डॉलरचा होता. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

हे झाले शिखर. शिखराकडे पाहून शेकडो केंद्रांनी तोच मार्ग धरला आणि त्यांतील बहुतेक पायथ्याशीच राहिली. लिंबॉ एकच असतो. त्याची नक्कल करणारे गावोगावी असतात.

रेटिंगचे तंत्र

‘रेटिंग’ ही नेमकी काय चीज आहे, ते आधी पाहू. ‘आर्बिट्रॉन’ ही कंपनी निवडक कुटुंबांना रोजनिशी देत असे. कोणते केंद्र किती वेळ ऐकले, याची नोंद त्या कुटुंबांनी त्यात करायची. २००७ पासून आधी फिलाडेल्फिया आणि ह्यूस्टन येथे, व पुढे इतर महानगरांत, रोजनिशीची जागा अंगावर बाळगण्याच्या एका छोट्या यंत्राने घेतली. केंद्राच्या ध्वनीत मिसळलेला, कानाला न जाणवणारा संकेत हे यंत्र टिपते. २०१३ मध्ये ‘नील्सन’ने आर्बिट्रॉन विकत घेतली. या मोजणीतून प्रत्येक केंद्राचा ‘हिस्सा’ काढला जातो. हिस्सा ०.३ टक्के, म्हणजे त्या वेळी शहरात रेडिओ ऐकणाऱ्या दर हजार जणांपैकी तिघे त्या केंद्रावर.

हा आकडा श्रोत्यांसाठी नसतो, केंद्राच्या अभिमानासाठीही नसतो. तो जाहिरात कंपन्यांसाठी असतो. मोटारी, बँका, उपाहारगृहांच्या साखळ्या यांच्या मोहिमा आखणाऱ्या कंपन्या शहरातील वरच्या क्रमांकाची काही केंद्रे निवडतात. तेही प्रामुख्याने २५ ते ५४ या वयोगटातील श्रोते पाहून. टॉक रेडिओचा श्रोता बहुधा त्याहून वयस्क. म्हणजे खालच्या क्रमांकाच्या केंद्राला दोन्हीकडून फटका: श्रोते थोडे आणि जे आहेत ते जाहिरातदाराला नको असलेल्या वयाचे. मोठ्या जाहिरातींचे दार त्याला जवळपास बंदच असते.

आता या केंद्रमालकाचा विचार करा. ज्या दारातून आत जायचे नाही, त्याचे तिकीट त्याने का काढावे? नील्सनची वर्गणी महाग असते. अनेक छोटी केंद्रे ती भरतच नाहीत आणि म्हणून प्रसिद्ध होणाऱ्या तक्त्यात दिसतही नाहीत. रेटिंगशिवाय काय विकता येईल, एवढाच प्रश्न उरतो. विकण्याजोगे बरेच काही असते.

वेळ भाड्याने देणे आहे

सर्वांत मोठी मिळकत म्हणजे वेळेचे भाडे. १९८१ पूर्वी एएम केंद्रांनी तासात १८ मिनिटांहून अधिक जाहिराती देऊ नयेत, असा आयोगाचा दंडक होता. त्या वर्षी रेडिओवरील अनेक बंधने सैल झाली, त्यांत हेही गेले. तेव्हापासून अर्धा तास, एक तास, किंबहुना आख्खा दिवस विकायला आडकाठी उरली नाही.

ही पद्धत चाळीतल्या खोल्या भाड्याने देण्यासारखी आहे. समजा, एखाद्या केंद्राने आठवड्यातले ४० तास प्रत्येकी १५० डॉलरला दिले. वर्षाला तीन लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा होते आणि ती आगाऊ मिळते. कार्यक्रम करण्याचा खर्च भाडेकरूचा. जाहिरातदार शोधायचे तर तेही त्यानेच शोधायचे. श्रोते आले काय, न आले काय, भाडे ठरलेले.

मग भाडेकरूला हे कसे परवडते? त्याचेही गणित मांडून पाहू. समजा, एक गुंतवणूक सल्लागार दर शनिवारी ३०० डॉलर देऊन एक तास घेतो. वर्षाचे १५,६०० डॉलर झाले. त्याचे बोलणे ऐकून एका निवृत्त श्रोत्याने आपली पाच लाख डॉलरची पुंजी त्याच्या हवाली केली आणि सल्ल्याचे शुल्क वर्षाला एक टक्का धरले, तर त्या एका माणसाकडून वर्षाला पाच हजार डॉलर मिळतात. असे चार ग्राहक मिळाले की वर्षाचा खर्च निघून वर शिल्लक राहते, आणि शुल्क तर पुढच्या वर्षीही चालूच असते. रेटिंगच्या भाषेत चार श्रोते म्हणजे शून्य. त्या सल्लागाराच्या भाषेत तेच भरभराटीचे वर्ष.

रेटिंग डोकी मोजते. भाडेकरू मोजतो ते खिसे. म्हणूनच शनिवार-रविवारच्या वेळापत्रकात सल्लागार, वकील, घरकर्जाचे दलाल, जमीनजुमल्याचे मध्यस्थ आणि पौष्टिक गोळ्यांचे विक्रेते यांची गर्दी दिसते. त्यांना हजारो श्रोते नको असतात, योग्य ते दहा हवे असतात. वयस्क, घरात निवांत बसलेला, पुंजी राखून असलेला आणि रेडिओवरील आवाजावर विश्वास ठेवणारा श्रोता मोठ्या जाहिरातदाराला टाकाऊ वाटतो. या मंडळींना तोच सोन्यासारखा.

दुसरे भाडेकरू म्हणजे धर्मोपदेशक. एडवर्ड ॲट्सिंजर आणि स्टुअर्ट एपरसन या मेहुण्या-मेहुण्यांनी उभारलेली ‘सेलम’ ही कंपनी याच पायावर मोठी झाली आणि १९९९ मध्ये शेअर बाजारात उतरली. प्रवचनकारांच्या संस्थांना वेळ विकायचा आणि त्या संस्थांनी श्रोत्यांच्या देणग्यांतून तो खर्च भागवायचा, अशी ही रचना. मंदी आली तरी प्रवचने सहसा थांबत नाहीत. त्यामुळे जाहिरातींपेक्षा हे उत्पन्न अधिक स्थिर.

तिसरे भाडेकरू म्हणजे स्थलांतरितांचे समाज. चिनी, कोरियन, रशियन, स्पॅनिश भाषांतील कार्यक्रम बहुधा असेच घेतलेल्या वेळेत चालतात. कॅलिफोर्निया, न्यूजर्सी, टेक्सास येथील भारतीय कार्यक्रमांची सुरुवातही अनेकदा अशीच, आठवड्यातून एखादा तास विकत घेऊन, झाली. किराणा दुकानदार, सोनार, प्रवासी कंपन्या आणि व्हिसाचे वकील यांच्या जाहिरातींवर तो तास निघतो. रेटिंगच्या यंत्रात या श्रोत्याची नोंद क्वचितच होते, पण रविवारी दुकानात तो नक्की दिसतो.

भाड्याच्या या पद्धतीत खरी जोखीम कोणाची, हे ‘एअर अमेरिका’च्या उदाहरणावरून स्पष्ट होते. उजव्या विचारांच्या निवेदकांना उत्तर म्हणून ३१ मार्च २००४ रोजी ही उदारमतवादी वाहिनी मोठ्या गाजावाजाने सुरू झाली. काही शहरांत तिने केंद्रांची वेळ भाड्याने घेतली होती. अवघ्या दोन आठवड्यांत पैशांवरून वाद झाला आणि शिकागो व लॉस एंजल्स येथील तिचे प्रसारण बंद पडले. २००६ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि जानेवारी २०१० मध्ये ती कायमची थांबली. केंद्रे मात्र होती तेथेच राहिली. बिऱ्हाड उठले; घरमालकाने नवे भाडेकरू पाहिले.

जेवढे फोन, तेवढे पैसे

सगळीच वेळ भाड्याने जात नाही. उरलेल्या वेळेतील जाहिराती रिकाम्या ठेवण्यापेक्षा पडेल त्या भावात देणे बरे. विमानातील रिकाम्या आसनासारखेच हे आहे. विमान उडाले की आसनाची किंमत शून्य. म्हणून शेवटच्या क्षणी उरलेली मिनिटे अत्यल्प दराने घेणारे मध्यस्थ या धंद्यात आहेत.

त्याहून गमतीची पद्धत म्हणजे फोनागणिक मोबदला. यात जाहिरात प्रसारित करण्याबद्दल केंद्राला काहीच मिळत नाही. जाहिरातीत खास त्या केंद्रासाठी वेगळा टोल-फ्री क्रमांक किंवा वेगळा सवलत-शब्द दिलेला असतो. त्या क्रमांकावर जितके फोन येतील किंवा जितकी विक्री होईल, तितकी ठरलेली रक्कम केंद्राला मिळते. सोन्याची नाणी, झोपेच्या उशा, कर थकबाकी मिटवून देणाऱ्या संस्था, औषधी गोळ्या यांच्या जाहिरातींत तोच क्रमांक चारचारदा का उच्चारला जातो, याचे कारण हे. येथे रेटिंगचा पुरावा कोणी मागत नाही. फोनची नोंद हाच पुरावा.

निवेदकाने स्वतःच्या तोंडाने वस्तूची शिफारस केली तर दर आणखी चढतो. रोज कानी पडणारा आवाज घरच्या माणसासारखा वाटू लागतो आणि त्याची शिफारस जाहिरात वाटत नाही. या विश्वासाचा गैरवापर केवळ छोटी केंद्रेच करतात असे नव्हे. गुगलच्या ‘पिक्सेल ४’ या फोनबद्दल रेडिओ निवेदकांनी जणू तो स्वतः वापरल्याप्रमाणे शिफारसी केल्या, प्रत्यक्षात त्यांना तो मिळालाच नव्हता, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने आणि सात राज्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये गुगल व ‘आयहार्टमीडिया’ यांच्यावर ठेवला. दोन्ही कंपन्यांनी सुमारे ९४ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले.

साखळीतील कडी

काही केंद्रे एकटी पाहिली तर तोट्याची दिसतात, पण मालकाच्या एकूण हिशेबात ती उपयोगी असतात. १९९६च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती केंद्रे बाळगावीत यावरील मर्यादा उठवली. ‘क्लिअर चॅनेल’ या कंपनीकडे पुढे सुमारे १,२०० केंद्रे जमा झाली. हीच कंपनी २०१४ पासून ‘आयहार्टमीडिया’ या नावाने ओळखली जाते. अशा कंपन्या केंद्रेही चालवतात आणि कार्यक्रम वितरितही करतात.

वितरणाचा व्यवहार बहुधा देवाणघेवाणीचा असतो. वितरक केंद्राला कार्यक्रम फुकट किंवा अल्प दरात देतो आणि बदल्यात तासातील जाहिरातींची काही मिनिटे स्वतःकडे ठेवतो. शेकडो केंद्रांवरील ती मिनिटे एकत्र करून तो राष्ट्रीय जाहिरातदाराला विकतो. जाहिरातदाराला देशातील सर्व प्रमुख शहरे हवी असतात. एखाद्या महानगरात आपले केंद्र कितीही दुबळे असले तरी ‘आमचा कार्यक्रम तेथेही ऐकू येतो’ असे सांगता येते. जानेवारी २०१४ मध्ये क्लिअर चॅनेलने लॉस एंजल्समधील केएफआय या बलाढ्य केंद्रावरून लिंबॉ यांचा कार्यक्रम आपल्याच ११५० एएम या दुबळ्या केंद्रावर हलवला आणि त्या केंद्राचे नाव केईआयबी ठेवले. श्रोते घटले तरी शहर हातचे गेले नाही आणि केएफआयची वेळ स्थानिक कार्यक्रमांना मोकळी झाली.

शिवाय एकाच शहरात पाच-सहा केंद्रे असलेली कंपनी लोकप्रिय एफएमच्या जाहिरातीसोबत एएमवरील वेळ जवळपास बक्षीस म्हणून देते. ग्राहक टिकतो, बक्षिसाची किंमत वेगळी दिसत नाही, इतकेच.

खर्चाची बाजूही विसरून चालणार नाही. फुकटचे कार्यक्रम संगणकाद्वारे आपोआप प्रसारित होतात, रात्री केंद्रात माणूस लागत नाही. ज्या गावासाठी परवाना आहे त्या परिसरात मुख्य स्टुडिओ ठेवण्याची सक्तीही आयोगाने २०१७ मध्ये काढून टाकली. दोन-तीन माणसे, विजेचे बिल, मनोऱ्याची देखभाल आणि परवाना शुल्क एवढाच खर्च उरला, तर थोडेसे उत्पन्नही पुरते. उलट मोठ्या साखळ्यांनी केंद्रे खरेदी करण्यासाठी काढलेले कर्ज त्यांच्या गळ्याशी आले. ‘क्युम्युलस’ने २०१७ मध्ये, आयहार्टमीडियाने २०१८ मध्ये आणि ‘ऑडेसी’ने २०२४ मध्ये दिवाळखोरी कायद्याचा आश्रय घेतला. या धंद्यात श्रोत्यांच्या अभावापेक्षा कर्जाच्या व्याजाने मेलेली केंद्रे कमी नाहीत. कर्ज नसलेला छोटा मालक मात्र तग धरून राहतो.

पायाखालची जमीन

मध्यम लहरींच्या प्रसारणाला उंच मनोरे लागतात आणि मनोऱ्यांभोवती जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या तारांचे जाळे लागते. लहरी विशिष्ट दिशेने पाठवायच्या तर मनोरे एकाहून अधिक, आणि जमीनही त्या मानाने मोठी. १९३०-४०च्या दशकांत शहराबाहेरील शेतात उभारलेले हे मनोरे शहर वाढत गेले तसे भर वस्तीत आले. कार्यक्रमांची किंमत उतरत गेली. जमिनीची चढत गेली.

वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा येथे डब्ल्यूएमएएल या केंद्राचे चार मनोरे १९४१ पासून उभे होते. सुमारे ७५ एकरांचा तो भूखंड क्युम्युलस कंपनीने घरबांधणी करणाऱ्या ‘टोल ब्रदर्स’ला सुमारे ७ कोटी ४० लाख डॉलरला विकला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये मनोरे पाडण्यात आले. त्याआधीच प्रसारण दुसऱ्या केंद्राच्या मनोऱ्यांवर हलवले होते. गिरण्यांच्या धुराड्यांखालची जमीन गिरण्यांहून मौल्यवान ठरल्याचे मुंबईकरांनी पाहिलेले आहे. त्यांना हे निराळे सांगायला नको. काही केंद्रांच्या बाबतीत कार्यक्रम हे जमिनीला चांगला भाव येईपर्यंत वेळ काढण्याचे साधन असते.

किंमत कोण मोजतो?

येथवरच्या व्यवहारात बेकायदा काही नाही. भाड्याने घेतलेल्या वेळेत प्रामाणिक सल्लागारही बोलतात आणि आपल्या भाषेतील चार शब्द ऐकून सुखावणारे वृद्ध स्थलांतरितही असतात. किंबहुना बाजाराने टाकून दिलेल्या अनेक समाजांना आवाज मिळाला तो याच स्वस्त वेळेमुळे. पण जेथे केंद्राचे उत्पन्न बोलणाऱ्याकडून येते, तेथे बोलणाऱ्याची पारख करण्याची गरज केंद्राला उरत नाही. भाडे वेळेवर येते ना, एवढेच पाहिले जाते.

टेक्सास राज्यातील डॅलस-फोर्ट वर्थ परिसरात विल्यम नील गॅलाघर हा गुंतवणूक सल्लागार ‘मनी डॉक्टर’ म्हणून ख्रिस्ती रेडिओ केंद्रांवरून परिचित होता. रविवारी चर्चमध्ये भेटू, असे तो श्रोत्यांना सांगे. निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी त्याने गिळंकृत केली. नव्या ठेवीदारांच्या पैशांतून जुन्यांना परतावा देण्याची ती जुनीच क्लृप्ती होती. २०२१ मध्ये त्याला तीन जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या. मिनेसोटातील पॅट कायली याचा ‘फॉलो द मनी’ हा कार्यक्रम दोनशेहून अधिक केंद्रांवर ऐकू येई. परकीय चलनाच्या व्यवहारातील ज्या योजनेकडे तो श्रोत्यांना वळवत असे ती सुमारे १९ कोटी डॉलरची फसवणूक निघाली. त्याला २०१३ मध्ये वीस वर्षांची कैद झाली. या दोघांनाही लाखो श्रोत्यांची गरज नव्हती. विश्वास ठेवणारे काही शे पुरेसे होते.

वेळ विकत घेणारा परदेशी सरकारचा हस्तकही असू शकतो. मिसुरी राज्यातील लिबर्टी या गावच्या केसीएक्सएल या छोट्या केंद्रावरून जानेवारी २०२० पासून रशियाच्या सरकारी ‘रेडिओ स्पुटनिक’चे कार्यक्रम रोज सहा तास ऐकू येऊ लागले. एका मध्यस्थ कंपनीने ती वेळ घेतली होती. कॅन्सस सिटीच्या श्रोत्यांना त्याचे आश्चर्य वाटले, पण कायद्याने ते वर्ज्य नव्हते. परदेशी सरकारने घेतलेल्या वेळेची स्पष्ट घोषणा करण्याचे विशेष नियम आयोगाने २०२१ मध्ये केले. अमेरिकी निर्बंधांनंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पुटनिकचे तेथील प्रसारण थांबले.

पैसे घेऊन प्रसारित केलेल्या मजकुराचा प्रायोजक कोण, हे श्रोत्याला सांगण्याचे बंधन मात्र जुने आहे. १९३४च्या संपर्क कायद्यातच ते आहे आणि लाच घेऊन गाणी वाजवल्याच्या प्रकरणांनंतर १९६० मध्ये ते अधिक कडक झाले. त्यामुळे तासाच्या आरंभी किंवा अखेरीस ‘हा कार्यक्रम प्रायोजित असून त्यातील मतांशी केंद्र सहमत असेलच असे नाही’ अशा अर्थाचे एक वाक्य घाईघाईने वाचले जाते. नियम पाळला जातो. मधल्या चाळीस मिनिटांत काटा लावणाऱ्या श्रोत्याच्या कानी ते पडत नाही, एवढेच.

आपल्याकडचे धडे

हा सारा प्रकार भारतीय श्रोत्याला अगदीच अपरिचित नाही. रेडिओ सिलोनवर १९५२ पासून गाजलेली ‘बिनाका गीतमाला’ एका टूथपेस्टच्या नावाने चालत होती आणि ते नावच कार्यक्रमाच्या माथ्यावर असल्याने कोणाची फसगत होण्याचा प्रश्न नव्हता. विविध भारतीने १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथून जाहिराती घेण्यास सुरुवात केली. पुढे १९९३ मध्ये आकाशवाणीने आपल्या एफएम वाहिनीवरील वेळेचे भाग खासगी कंपन्यांना दिले. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि पणजी येथे ‘टाइम्स एफएम’, ‘रेडिओ मिड-डे’ ही नावे ऐकू आली ती त्यामुळे. मनोरा सरकारचा, वेळ भाड्याची, आवाज खासगी. १९९८ मध्ये ती व्यवस्था संपली आणि २००१ पासून स्वतंत्र खासगी केंद्रे आली.

फरक असा की आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा मिळाली नाही. २०११च्या धोरणाने आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा ऐकवण्यापुरते दार किलकिले केले. म्हणून अमेरिकी धर्तीचा राजकीय टॉक रेडिओ येथे रुजला नाही. परंतु विकत घेतलेल्या वेळेत उपदेश करणारे बुवा, वैद्य आणि ज्योतिषी दूरचित्रवाणीच्या छोट्या वाहिन्यांवर सकाळी सकाळी भेटतात, त्यामागचे गणित तेच आहे. वाहिनी कमी पाहिली जाते म्हणून स्वस्त, स्वस्त म्हणून विक्रेत्याला परवडणारी, आणि विक्रेत्याला परवडते म्हणून जिवंत.

अमेरिकेत एएम केंद्रांची संख्या एके काळी पाच हजारांच्या घरात होती. आता ती ४,४००च्या आसपास आली आहे. काही वाहन कंपन्यांनी विजेवरील मोटारींतून एएम रेडिओ काढून टाकला, तेव्हा तो सक्तीचा करावा यासाठी २०२३ मध्ये तेथील संसदेत विधेयक मांडले गेले. भाडेकरूही हळूहळू पॉडकास्ट आणि इंटरनेटवरील चित्रफितींकडे सरकत आहेत. तेथे मनोरा लागत नाही, परवाना लागत नाही, आणि तासाच्या आरंभीचे ते घाईचे वाक्य रेडिओसारखे कोणी सक्तीने वाचायला लावत नाही.

म्हणूनच कमी रेटिंगकडे केवळ अपयश म्हणून पाहणे पुरेसे नाही. ज्या केंद्राला फारसे कोणी ऐकत नाही, त्याच्यावर फारसे कोणी लक्षही ठेवत नाही. स्पर्धक, पत्रकार, सरकारी अधिकारी यांच्यापैकी शनिवारी सकाळी सात वाजता तेथे कान लावून कोणी बसलेला नसतो. बसलेला असतो तो एखादा निवृत्त कारकून किंवा एकटी राहणारी विधवा, आणि समोरचा आवाज तज्ज्ञ म्हणून केंद्राने निवडलेला आहे, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात त्याने आपली जागा विकत घेतलेली असते. रेडिओ असो, वाहिनी असो की हातातला मोबाइल, सल्ला फुकट मिळू लागला की तो ऐकवण्याचे पैसे कोणी भरले, एवढे विचारून मगच खिशाला हात घालावा.